बाजूची चौकट

प्रेमिला रामटेकेचा राजकीय लेख आला की आमच्या पेपरात मीटिंग बसते. छापायचा की नाही? गेटवर तिच्या नावानं घोषणा, आत वकिलाला फोन, संपादकांचा चहा टेबलावर गार. त्याच पानावर तिच्या बाजूला माझाही राजकीय लेख असतो. तो संपादक न वाचताच पानात लावायला सांगतात. "शालिकरामजी, तुमचं काही टेन्शन नसते," असं वर म्हणतात. इतकी वर्षं लिहून राहिलो, पण माझ्यासाठी कोणी एक शिवी खर्च केली नाही.

या आठवड्यात संपादकांनी हात टेकले. "नाही छापत बा यावेळी बाईचं." प्रेमिलाही अडून बसली, आपल्या जागेवर दुसऱ्याचं काही लावायचं नाही म्हणून. शेवटी वर तिचं नाव, फोटो आणि खाली नुसती पांढरी चौकट, असं पान गेलं. घरी जाताना मी प्रताप नगरातून गरम जलेबी घेतली. उद्या त्या पानावर वाचायला माझ्याशिवाय दुसरं काही नसणार होतं.

सकाळी ते पान मुद्दाम बायकोसमोर ठेवलं. "वंदना, आज तरी वाच वं." तिनं चष्मा लावला, पान जवळ ओढलं आणि बराच वेळ मान खाली घालून पाहत राहिली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मी खुर्ची जवळ सरकवली.



कोऱ्या चौकटीवर हात ठेवून ती म्हणाली, "किती खरं लिहिलं जी बाईनं."