भागीदारी

मोटारींच्या शर्यतीत अपघात होऊन मुलगा गेला, त्याला पंधरा दिवस झाले होते. बापाने तीस वर्षं बस चालवली होती. पोराच्या हाती पहिल्यांदा स्टिअरिंग त्यानेच दिलं होतं. वळणावर आपल्या पोराचा अंदाज चुकलाच कसा, या एका प्रश्नापायी त्याच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

आधी रेसिंग टीमचा मॅनेजर घरी आला. दार लोटून घेत हळूच म्हणाला, "बाबा, त्याची काही चूक नव्हती. इंजिन कंपनीने आम्हाला दगा दिला. त्याने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी वेग कमी होईना."

चार दिवसांनी इंजिन कंपनीचा साहेब आला. "काका, इंजिन ठणठणीत होतं हो. टीमनेच ब्रेक नीट बसवले नव्हते. तुमचा मुलगा तरी काय करणार?"

टीम आणि कंपनी एकमेकांच्या जिवावर उठली होती. करार मोडणार, कोर्टकचेरी होणार, असं जो तो बोलत होता. बापाला त्या भांडणाशी देणंघेणं नव्हतं.

"कुणाचं का खरं असेना," तो बायकोला म्हणाला, "आपला पोरगा चुकला नव्हता, एवढं बास झालं."

त्या दिवशी दोघं पहिल्यांदा पोटभर जेवली.

पुढच्याच महिन्यात टीमचं आणि कंपनीचं मिटलं. करार आणखी पाच वर्षांसाठी वाढवला गेला. पाठोपाठ चौकशीचा अहवाल घरी आला. खाली मॅनेजर आणि साहेब, दोघांच्याही सह्या होत्या.



'अपघाताचे कारण : चालकाची चूक.'