नलावड्यांचा पट्टा

"नलावडेसाहेब, ताबडतोब आडवे व्हा. तुमच्या हृदयाचे ठोके बिघडलेत. ॲम्ब्युलन्स निघालीय," भिंतीवरचा यंत्रडॉक्टर म्हणाला.

खुर्चीत पेपर वाचणारे नलावडे हसले. त्यांना काहीच होत नव्हतं. बायपास झाल्यापासून सहा हजार पावलं भरल्याशिवाय हा डॉक्टर लोणच्याचं कपाट उघडत नसे, म्हणून आपल्या मनगटावरचा पट्टा ते रोज सकाळी बायकोच्या हातात बांधायचे. "शालन, तू तशीही घरभर फिरतेसच की!"

स्वयंपाकघरात कुकरची तिसरी शिट्टी झाली. तिसरीला शालन हमखास गॅस बंद करायची.

चौथी झाली.

"शालन?"

पाचवी झाली. पेपर टाकून नलावडे धडपडत उठले.

"छान, नलावडेसाहेब," भिंत म्हणाली. "झालात ना आडवे? आता अजिबात उठू नका."