पत्रा दोनदा वाजला

मुग्लिनच्या हायवेवरच्या हॉटेलात दालभात खाताना ट्रकचा क्लीनर टेकबहादूर ड्रायव्हरला म्हणाला, "गुरुजी, जखमीवर पुन्हा गाडी घातली तर आता खून धरणार म्हणे. थेट जन्मठेप."

"मग काय, जन्मभर त्याचं दवाखान्याचं बिल भरत बसायचं?" डम्बर ड्रायव्हर हसला. "मेला की एकदाच काय ते निस्तरतं. त्या गवतवालीला ठोकर बसली, ती जिवंत होती, तेव्हा मागून ट्रकचा पत्रा कोणी वाजवला होता रे? तूच ना? दोनदा, मागे या म्हणून! आणि आता मला कायदा शिकवतोस?"

टेकबहादूर ताट सरकवून हात धुवायला उठला.

पुढे ती गवतवाली मेली त्याच वळणावर, भर उन्हात, टायर जळाल्यासारखा वास आला म्हणून डम्बरने ट्रक थांबवला आणि टेकबहादूर बघायला उतरला. थोड्या वेळाने मागचा पत्रा दोनदा वाजला. डम्बरने ट्रक मागे घेतला. चाक मऊशा कशावर तरी चढलं आणि उतरलं.

त्याने आरशात पाहिलं. टेकबहादूर रस्त्यावर पडला होता. पाय चेचले गेले होते, पण जीव होता, आणि दोन्ही हात वर करून तो ओरडत होता, "नको, गुरुजी, नको!"

मागचा पत्रा पुन्हा दोनदा वाजला.

डम्बरने जुन्या सवयीने रिव्हर्स टाकला.