अंबुबाईंचा पाय

मच्छेजवळच्या वृद्धाश्रमात तपासणीला आलेल्या डॉक्टर सौम्यांनी अंबुबाईंच्या पायाची पट्टी सोडली. शुगर, बीपी आणि कमजोर हृदय आधीपासूनच होतं. आता अंगठाही काळा पडला होता.

"आजी, आजच बेळगावला ॲडमिट व्हा. नाहीतर हे विष अंगभर भिनेल."

"मी न्हाय जायाची."

"मग मुलाला बोलवा. मी बोलते त्याच्याशी."

"त्येला यायला न्हाय जमायचं."

"आई मरायला टेकली तरी?" सौम्यांचा आवाज चढला. "एवढं काय काम असतं त्याला?"

"काम कुठलं गं बाई! पोरगं सत्तरीचं झालंय. अर्धांग होऊन पलीकडच्या खोलीत पडलंय," अंबुबाई म्हणाल्या. "दुसऱ्या कुणी घास दिला तर तोंडच उघडत न्हाय."