तिसऱ्यांदा

मोनीर खानमने पिशवीतून संत्रं काढून पुढे केलं, तेव्हा नोसरत आगा रीतीप्रमाणे नको म्हणाले. तिने पुन्हा पुढे केलं, ते पुन्हा नको म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा त्यांनी ते घेतलं आणि सोलायला लागले.

आमच्या तेहरानात हे असंच चालतं. दोनदा म्हणणं तोंडदेखलं असतं. तिसऱ्यांदा म्हटलं की ते मनातलं, आणि मग घेणाऱ्यानं लाजायचं कारण नाही. या बाबतीत नोसरत आगांचा हात कोणी धरू शकत नसे. एकदा एकानं त्यांच्या कोटाचं कौतुक केलं, तर हे भर थंडीत सदऱ्यावर घरी आले होते. "तुझी जीभ एक दिवस आपलं घर देऊन येईल," असं त्यांची बायको बद्री म्हणायची.

औषधांच्या दुकानातली रांग सकाळपासून फारशी हलली नव्हती. दोघं शेजारी बसले होते, नंबर चारशे बारा आणि चारशे तेरा. दोघांच्या चिठ्ठीवर एकाच इंजेक्शनचं नाव होतं. त्यांना बद्रीसाठी हवं होतं, तिला मुलीसाठी, नेगीनसाठी. एक बाटली म्हणजे एका माणसाचा एक डोस. दोघींच्याही डोसची वेळ टळून नऊ दिवस झाले होते.

"औषधावर बाहेरच्या देशांची बंदी नाहीच म्हणे," मागून कोणीतरी म्हणालं. "बंदी पैशावर. बाहेरच्या बँका पैसे घेत नाहीत. मग औषध काय चालत येणार आहे?"

"आणि ज्यांना धडा शिकवायचाय ते सरकारातले कुठायत रांगेत? एक तरी दाखवा मला. त्यांना शिंक आली तरी विमान तयार असतं."

दोघंतिघं हसले. नोसरत आगा मात्र भडकले. सकाळपासून त्यांना निमित्तच हवं होतं.

"मला तो माणूस एकदा भेटू दे, बाहेर बसून 'यांच्याशी व्यापार तोडा' म्हणून गळा काढणारा. त्याला म्हणणार आहे, ये बाबा, माझ्या बायकोच्या उशाशी दोन तास बसून दाखव."

मोनीर खानमने संत्र्याची सालं रुमालात गोळा केली. मग समोर बघतच, अगदी हळू म्हणाली, "मी बाहेर बसलेली नाही, आगा. तुमच्या शेजारीच बसलेय."

त्यांना कळेना.

"माझा मुलगा, बेहदाद. दोन वर्षांपूर्वी चौकात सरकारविरुद्ध घोषणा देत होता, त्याला गोळी घातली. त्याच्या चाळिसाव्या दिवशी मी पत्र लिहिलं. बाहेरच्या पेपरात छापून आलं ते. यांचं तेल घेऊ नका, यांना काही विकू नका, असं लिहिलं होतं. 'तुम्ही तेलाला मोजता त्या पैशांच्या गोळ्या होतात, त्यातली एक माझ्या घरी आली,' असंही."

नोसरत आगांच्या तोंडात फोड तशीच राहिली. गिळवेना आणि थुंकवेना.

"नेगीन तेव्हा ठणठणीत होती," ती म्हणाली.

"चारशे बारा," खिडकीतून आवाज आला.

खिडकीतल्या बाईनं एक छोटं खोकं पुढे सरकवलं. "एवढं एकच आलंय. पुढचं कधी येणार ते मला विचारू नका. मलाही कोणी सांगत नाही."

मोनीर खानम मागेच येऊन उभी राहिली होती. तिने ऐकलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसतच होतं.

"घ्या ना, खानम," नोसरत आगा म्हणाले. दारातून आधी तुम्ही जा, असं म्हणावं तसं सवयीनं म्हणाले.

"छे, छे. तुमचा नंबर आधीचा. तुमच्या घरच्यांना आराम पडो."

"घ्या हो. तुमचंच समजा."

"नको, आगा. तुम्ही म्हणालात, मला पोचलं."

इथे थांबायचं होतं. रीत पाळून झाली होती. खोकं आतल्या खिशात टाकून चालू पडले असते तर कोणी नावं ठेवली नसती. घरी बद्री उशीला टेकून बसली होती, आणि जिन्यातल्या पावलांवरूनच ती ओळखणार होती, मिळालं की नाही ते. नोसरत आगांना हे सगळं ठाऊक होतं. पण सालांचा तो रुमाल अजून तिच्या मुठीत होता, आणि मघाशी बोलून गेलेलं आता परत घेता येत नव्हतं.

"घ्या," ते म्हणाले.

तिने घेतलं. दोन्ही हातांनी घेतलं आणि तिथेच उभ्या उभ्या रडायला लागली.

"उद्या कोणी विचारलं तर मी पत्रात पुन्हा तेच लिहीन, आगा," ती म्हणाली. "दुसरं काय लिहू?"

"लिहा," ते म्हणाले.

फुटपाथवर आल्यावर ते भिंतीचा आधार घेऊन उभे राहिले. तेवढ्यात फोन वाजला.

"मिळालं?" बद्रीनं विचारलं.

"एकच होतं."

तिचा श्वास ऐकू येत होता.

"तुझ्या मागे कोण होतं?"

"एका मुलीची आई."

"आणि तू म्हणालास, घ्या."

"हो."

"किती वेळा, नोसरत?"

त्यांच्या बोटांना अजून संत्र्याचा वास येत होता. त्यांनी ती कोटाला पुसली.

"तीनदा," ते म्हणाले.