चेअरमनचा जबाब

"सही कर आणि घरी चल," जाईबाई लेकीला म्हणाली.

कीर्तीने कागद उचलला, पेन मात्र टेबलावरच राहू दिलं. पोलीस ठाण्यातल्या त्या टेबलापलीकडे उपनिरीक्षक मृणालिनी मॅडम बसल्या होत्या. त्यांच्या बाजूच्या खुर्चीत मनूशेठ होते, कोळीवाड्यातला धक्का सांभाळणाऱ्या सोसायटीचे चेअरमन. माफीपत्र त्यांनीच टाइप करून आणलं होतं. यावर सही झाली की आपली तक्रार नाही, असं त्यांनी मोठ्या मनाने सांगितलं होतं.

प्रकरण होतं दीड मिनिटाच्या व्हिडिओचं. धक्क्यावरचे दिवे चार महिने बंद होते. पहाटे मासळी उतरवायला जाणाऱ्या बायका मोबाईलच्या उजेडात पायऱ्या उतरायच्या. तीन अर्ज देऊन झाले, आणि चौथा लिहायच्या आधीच जाईबाई शेवाळावरून घसरली. उजवा हात मनगटात मोडला. त्याच संध्याकाळी कीर्ती त्या पायऱ्यांवर बसली आणि मोबाईल समोर धरून बोलली, "शेठ, आठ दिवसांत दिवे लागले नाहीत, तर तुम्हाला सुरमईसारखं उभं चिरीन, मीठ भरीन आणि बोंबलांच्या शेजारी वाळत टाकीन. उन्हात तरी तुमचा कारभार दिसेल."

दोन दिवसांत पन्नास हजार लोकांनी तो पाहिला, बहुतेकांनी हसत हसत. खाली कुणीतरी 'कधी चिरायचं?' असंही लिहिलं. ती कमेंट कीर्तीने लगेच काढून टाकली. तिसऱ्या दिवशी तिच्यावर गुन्हा दाखल झाला. जिवे मारण्याची धमकी.

वेळ वाईट होती. परळच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन म्हणून तिची निवड झाली होती आणि फक्त पोलिसांचा दाखला यायचा बाकी होता. नावावर गुन्हा असला तर दाखला कुठला मिळायला? म्हणून जाईबाई सकाळपासून एकच वाक्य बोलत होती. सही कर आणि घरी चल.

कीर्तीने कागद दोनदा वाचला.

"मॅडम, चिरीन म्हटल्याबद्दल मी माफी लिहून देते," ती म्हणाली. "बोलायला नको होतं तसं. पण दुसऱ्या ओळीवर सही नाही करणार."

"असं काय हाय दुसऱ्या ओळीत?" जाईबाईने विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

कीर्तीने वाचून दाखवलं. "धक्क्यावरील दिवे बंद असल्याबाबतचा मजकूर खोटा असून तो मी बदनामीच्या हेतूने प्रसारित केला."

जाईबाईने प्लास्टरातला हात टेबलावर ठेवला, अगदी अलगद, एखादं दुसऱ्याचं सामान ठेवावं तसा.

"नोकरी जाईल," कीर्ती हळूच म्हणाली. "तू म्हणत असशील तर..."

"नको करू सही," जाईबाई म्हणाली. आणि मॅडमकडे वळली. "बाई, ते चिरायचं, मीठ भरायचं, ते बोलणं हिचं नाय. माझं हाय. वीस वर्सं झाली, याने काय कमीजास्त केलं की मी याला तोंडावर असंच बोलते. बाजारात, चार माणसांत, हातात कोयता असतो तेव्हा. पोरीने माझंच ऐकून ऐकून उचललं. गुन्हा लिहायचा तर माझं नाव लिवा."

मृणालिनी मॅडमनी मनूशेठकडे पाहिलं. "खरं आहे?"

मनूशेठ खुर्चीत सरकले. "तसं बोलते ती. पण ते बाजारातलं बोलणं, मॅडम. ते कोण मनावर घेतो?"

"हातात कोयता असताना?"

मनूशेठनी पेन उचलून कीर्तीपुढे धरलं.

मॅडमनी माफीपत्राची घडी घालून ते त्यांना परत दिलं. नवा कागद पुढे ओढला. वरून फोन आला होता, प्रकरण आजच्या आज मिटवा म्हणून. कीर्तीने तो सकाळी आपल्या कानांनी ऐकला होता, आणि मॅडमनी 'हो सर' म्हटलेलंही. आता त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघी बाहेर बाकावर बसा. मला फिर्यादींचा पुरवणी जबाब घ्यायचा आहे. त्यांना नेमकी भीती कधी आणि कशाची वाटली, एवढंच विचारायचंय."

दार लोटलं गेलं. अर्ध्या तासाने मनूशेठ बाहेर आले आणि मायलेकींकडे न बघता निघून गेले.

प्रकरण तरीही लगेच संपलं नाही; गुन्हा रद्द व्हावा म्हणून कीर्तीला हायकोर्टात अर्ज करावा लागला. सात महिने गेले. परळच्या नोकरीची यादी बंद झाली आणि कीर्तीच्या जागी दुसरं कुणी लागलं. ती हिंदमाताजवळच्या एका लहानशा लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासू लागली. दिवे बंद आहेत हे खोटं, असं तिने कुठेच लिहून दिलं नाही, आणि जाईबाईनेही पुन्हा कधी सहीचा विषय काढला नाही.

हायकोर्टाने गुन्हा रद्द केला त्या दिवशी मायलेकी शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. न्यायमूर्तींनी निकाल सांगताना मनूशेठच्या सहीचा तो जबाब हातात घेतला आणि त्यातली एकच ओळ मोठ्याने वाचली.

"तिच्या बोलण्याची मला भीती वाटली नाही, लोक हसायला लागले, तेव्हा वाटली."