टोप चरचरले तेव्हा

थोरल्या जाऊबाई आणि मी, आम्ही दोघी नाटकांसाठी केसांचे टोप बनवतो. त्या संध्याकाळी खिडकीबाहेरून एक पेटलेली उल्का गेली आणि फळीवरच्या लाकडी डोक्यांना चढवलेले सगळे टोप तापल्या तव्यावर पाणी पडावं तसे चरचरले. डोक्यांच्या सावल्या भिंतीवरून झरझर सरकल्या. मग सगळं शांत.

उल्का अख्ख्या गल्लीने पाहिली. आवाज फक्त मला आला.

वेधशाळेत फोन केला, तर तिथला माणूस म्हणाला, "बाई, इतक्या लांबचा आवाज पोचायलाच काही मिनिटं लागतात. भास झाला असेल." नवरा हसला. जाऊबाई म्हणाल्या, "कान तपासून घे एकदा." सांगून सांगून माझा घसा बसला. रोज टोपांना कान लावून बसायचे, पण मेले ढिम्म!

आज संध्याकाळी, दिवा लावायच्या आधी, ते पुन्हा चरचरले.

"जाऊबाई, आता तरी ऐका!" मी त्यांना हाताला धरून खिडकीशी ओढलं.

"येतोय गं आवाज," त्या पुटपुटल्या.

एकदाचं! मी सर्रकन पडदा सारला. बाहेर आभाळ साफ रिकामं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "आता ती उल्का कुठे तडमडली?"

खिडकीकडे पाठ करून जाऊबाई भिंतीकडे बघत होत्या. मीही वळले.

लाकडी डोक्यांच्या सावल्या त्या दिवसासारख्याच भिंतीवरून सरकत होत्या. खिडकी अडवून आम्ही दोघी उभ्या होतो, आणि आमच्या सावल्या मात्र भिंतीवर कुठेच नव्हत्या.